कखडीचे पडीक शेत आणि नाशिकची माती

नाशिकच्या पांडवलेण्यांत, तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्याच्या ओसरीत, भिंतीवर एकाखाली एक असे दोन राजलेख कोरलेले आहेत. दोन्ही गौतमीपुत्र सातकर्णीच्या राजवटीतले. पहिला त्याच्या १८व्या राज्यवर्षातला. त्यात राजा गोवर्धनच्या विष्णुपालित नावाच्या अमात्याला आज्ञा देतो की, पश्चिमेकडील कखडी गावातले, पूर्वी उषवदाताच्या ताब्यात असलेले २०० निवर्तने शेत त्रिरश्मीवर राहणाऱ्या भिक्षूंना द्यावे. विजयानंतरची ही आज्ञा आहे. क्षहरातांच्या पक्षाकडून जिंकलेली जमीन नव्या सत्तेने दान केली, एवढा तिचा राजकीय अर्थ पाठ्यपुस्तकांतही सापडतो.

दुसरा लेख २४व्या राज्यवर्षातला, आणि या वेळी आज्ञेत राजासोबत राजमाताही आहे. अमात्य बदललेला आहे. आता श्यामक आहे. आशय असा : कखडी गावातले जे शेत आम्ही पूर्वी दिले, ते कसले जात नाही आणि त्या गावात वस्तीही नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या सीमेवरच्या आमच्या राजकीय शेतातून १०० निवर्तने द्यावीत.

सहा वर्षांत एक शेत पडीक आणि एक गाव ओसाड. ते का झाले, हे लेख सांगत नाही. युद्धाने माणसे परागंदा झाली असतील. करवसुलीने कुळे पळाली असतील. पाऊस हटला असेल. किंवा जमीन मुळातच हलकी असेल आणि देणाऱ्याला ते ठाऊक असेल. (राजे उदार असतात, पण नेहमी उत्तम जमीनच दान करतात असे नाही.) भगवानलाल इंद्रजींनी १८८३च्या नाशिक गॅझेटियरमध्ये या लेखांची चिकित्सा केली, पुढे सेनार यांनी ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात ते संपादित केले, तेव्हापासून चर्चा झाली ती राजांची, वंशांची आणि कालगणनेची. शेताविषयी विचारणारे थोडे.

आजचा धागा त्या शेताविषयी आहे. लांब आहे, सवडीने वाचावा.

लेखांना मातीचे वावडे होते असे मात्र नाही. १८व्या वर्षाच्या आज्ञेत शेताला ज्या सवलती दिल्या आहेत, त्यांत एक आहे ‘अलोणखादक’ : या जमिनीत मिठासाठी खणू नये. म्हणजे एरवी राजपुरुष मिठासाठी जमीन खणू शकत होते. दहाव्या लेण्यात उषवदात सांगतो की त्याने एका ब्राह्मणाकडून ४,००० कार्षापणांना शेत विकत घेतले. विकणाऱ्याचे नाव आहे, शेताची दिशा आहे, किंमत आहे. माती कशी होती ते नाही. दानपत्राला ते सांगण्याची गरजच नसते. ते सांगणारा साक्षीदार दुसरा आहे आणि तो जमिनीखाली उभा आहे.

मराठी माणसाला हा साक्षीदार नवा नाही. आपल्या जुन्या कागदपत्रांत गाव म्हणजे ‘काळी’ आणि ‘पांढरी’. काळी म्हणजे कसण्याची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. वस्तीची माती पांढरट का होते? शेकडो वर्षे त्याच जागी चुली पेटतात, राख पडते, मातीच्या भिंती पडतात आणि त्यांवरच नव्या उठतात, शेण, हाडे, चुना, भुसा हे सारे तिथेच मुरते. गाव उठून गेले तरी ही पांढरी तिथेच राहते आणि भोवतालच्या काळ्या रानात टेकाडासारखी दिसते. पुरातत्त्वज्ञांनी महाराष्ट्रातल्या कितीतरी प्राचीन वसाहती गावकऱ्यांना ‘पांढरी कुठे आहे?’ एवढेच विचारून शोधल्या. आणि याच कारणाने कितीतरी नष्टही झाल्या. कारण पांढरी माती धाब्याच्या छतासाठी उत्तम आणि शेतासाठी खतासारखी. बैलगाडीने हळूहळू जे वाहून गेले, ते ट्रॅक्टरने भराभर गेले.

जुन्या नाशकातली गोदाकाठची मातीची गढी ही अशीच एक मोठी पांढरी. डेक्कन कॉलेजचे हसमुख सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये तिथे उत्खनन केले. रामकथेशी आणि सातवाहनांच्या लेखांशी जोडलेले हे नगर प्रत्यक्षात किती जुने, हा प्रश्न होता. त्याच हंगामात संगमनेर तालुक्यातल्या प्रवराकाठच्या जोर्वे गावीही उत्खनन झाले, आणि दोन्हींचा अहवाल १९५५ मध्ये एकत्र प्रसिद्ध झाला. जोर्व्याच्या तांबड्या, काळ्या नक्षीच्या खापरांवरून पुढे एका संपूर्ण ताम्रपाषाणयुगीन संस्कृतीला नाव मिळाले. तिचा काळ साधारणपणे इ. स. पू. १४०० ते ७०० असा धरला जातो.

गढीत वरून खाली काय मिळाले? वर मुसलमानी-मराठा काळ. त्याखाली एकदम इसवी सनाच्या आरंभीची शतके, रोमशी व्यापार चालू होता तो काळ. त्याखाली त्याहून जुने ऐतिहासिक थर, उत्तरेकडून आलेल्या काळ्या चकचकीत भांड्यांच्या तुकड्यांसह. आणि तळाशी सूक्ष्मास्त्रे व ताम्रपाषाणयुगीन खापरे. रामकथेचा पुरावा शोधायला गेलेल्यांना काय मिळाले किंवा नाही, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला महत्त्वाचे वाटते ते वेगळे : या यादीत खंड आहेत. एक थर संपतो आणि पुढचा सुरू होतो, त्या मधल्या रेषेत कित्येक शतके बसलेली असतात. खापरे माणसे होती तेव्हाचे सांगतात. माणसे नव्हती तेव्हाचे फक्त माती सांगते.

ते कसे, हे समजून घेण्यासारखे आहे. जागा ओस पडली की पहिल्या पावसापासूनच निसर्ग तिच्यावर काम सुरू करतो. गवत उगवते, मुळे खाली जातात, गांडुळे आणि वाळवी थर ढवळतात, कुजलेल्या पाल्याने वरची वीतभर माती गडद होते. पावसाचे पाणी चुना विरघळवून खाली नेते आणि ठरावीक खोलीवर तो पुन्हा साचून खडे बनतो. आपण त्यांना चुनखडीचे खडे म्हणतो. जितका काळ जागा ओस, तितका हा बदल खोल. मग कुणीतरी पुन्हा येऊन वस्ती करते आणि ती जुनी पृष्ठभागाची माती गाडली जाते. उत्खननाच्या उभ्या कापात ती एक गडद पट्टी म्हणून दिसते. अशी पट्टी म्हणजे तिथे कुणी नव्हते याचा लेख.

ही भाषा भारतीय पुरातत्त्वात रुजवण्यात ज्यांचा वाटा आहे, त्यांत दोन नावे घ्यायला हवीत. लंडन विद्यापीठातले फ्रेडरिक झॉइनर १९४९ मध्ये भारतात आले आणि गुजरातेतल्या नदीकाठच्या थरांचा त्यांनी अभ्यास केला; गाडलेल्या मातीवरून जुने हवामान ओळखण्याची त्यांची रीत डेक्कन कॉलेजात पाहिली गेली, शिकली गेली. आणि पुढे शरद राजगुरू, ज्यांनी मुळा-मुठेपासून दख्खनच्या अनेक नद्यांच्या काठचे उभे कडे वर्षानुवर्षे पायी फिरून वाचले. सांकलियांनीही नाशिकजवळच्या गंगावाडीला नदीच्या जाड रेतीगोट्यांच्या थरात अश्मयुगीन हत्यारे शोधली होती; १९५२च्या त्यांच्या गोदावरीवरील पुस्तकाचा तो विषय. म्हणजे गोदावरीच्या वरच्या खोऱ्यातल्या मातीचा अभ्यास स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दशकातच सुरू झाला होता. नंतर तो नगराच्या इतिहासापर्यंत फारसा आला नाही, ही माझी तक्रार.

काळ्या मातीची मात्र एक खोड आहे आणि ती लपवून चालणार नाही. बेसॉल्टपासून बनलेल्या या मातीतली चिकणमाती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. एप्रिल-मेमध्ये हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, वरचे ढेकूळ, खापर, बी त्यांत पडते आणि पावसाळ्यात भेग मिटते. काळी जमीन स्वतःलाच नांगरते असे शेतकरी म्हणतात ते खरे आहे. इतिहासकाराच्या दृष्टीने ही आपत्ती आहे : वरचे खाली जाते, थर मिसळतात. म्हणून कखडीसारखे शेत उद्या सापडले आणि त्यात खड्डा घेतला, तरी गढीसारखा स्वच्छ कप्प्याकप्प्यांचा काप मिळेलच असे नाही. नदीकाठच्या गाळात, पांढरीत, तळ्याच्या तळाशी थर टिकतात. उघड्या काळीत कठीण.

इथे नमुना कसा घ्यावा हा प्रश्न येतो. कृषी खात्याकडे माती तपासायला देताना आपण वीतभर खोल खड्डा करून, दहा ठिकाणची माती एकत्र कालवून अर्धा किलो पिशवीत भरतो. पिकाला खत किती द्यावे हे ठरवायला ते योग्यच. पण त्यात काळ हरवतो. गिरमिटाने खोल माती वर काढली तरी ती पिळवटून, मिसळून येते. कोअर म्हणजे वेगळी गोष्ट : पोकळ नळी सरळ जमिनीत दाबायची, आत मातीचा अखंड दंडगोल येतो, तो तसाच बाहेर काढून उभा चिरायचा. एक अर्धा भाग तपासायचा, दुसरा जपून ठेवायचा, कारण पन्नास वर्षांनी कुणाकडे अधिक चांगले यंत्र असेल. वर कोणती बाजू आणि खाली कोणती, याची खूण नळीवर केली नाही तर सगळे व्यर्थ.

सेन्सरची गोष्ट आणखी निराळी. आज दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत वेगवेगळ्या खोलीवर ओलावा मोजणारे सेन्सर पुरलेले दिसतात. पाणी मुळांच्या खाली वाया जाते का, हे मोबाईलवर कळते. ते यंत्र मातीला आत्ताचे विचारते. परंतु तशाच जातीची यंत्रे आता काढलेल्या कोअरवरूनही फिरवली जातात, दर सेंटीमीटरला घनता आणि चुंबकाला मिळणारा प्रतिसाद मोजत. नाशिकच्या दृष्टीने हा चुंबकीय प्रतिसाद फार मोलाचा, कारण बेसॉल्टमध्ये लोहखनिज भरपूर असते. जिथे काळ्या खडकाची माती अधिक, तिथे काटा वर जातो.

आता एक मोठी उडी, नाशिकहून थेट समुद्रात. पण नदी तीच आहे.

ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटर वाहून आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागराला मिळते. नाशिकच्या उतारावरून सुटलेला मातीचा कण, वाटेत कुठे अडकला नाही तर, तिथे जाऊन बसतो. २००६ मध्ये भारताच्या राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमासाठी ‘जॉईडीस रेझोल्यूशन’ हे जहाज या समुद्रात फिरत होते. शोध होता समुद्रतळातल्या मिथेनचा, म्हणजे इंधनाचा. गोदावरीच्या मुखासमोर हजार मीटरहून अधिक खोल पाण्यात जे कोअर काढले गेले, त्यांपैकी एकातला वरचा भाग गेल्या सुमारे अकरा हजार वर्षांचा गाळ निघाला. वुड्स होल सागरविज्ञान संस्थेतले कामिलो पोंतोन, लिव्हियू जोसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर २०१२ आणि २०१७ मध्ये शोधनिबंध लिहिले. माझ्या मते, दख्खनच्या शेतीचा इतिहास शिकणाऱ्याने ते वाचल्यावाचून राहू नये.

त्यांनी तीन गोष्टी पाहिल्या. पहिली, पानांवरचे मेण. पानांचा मेणचट लेप हजारो वर्षे टिकतो आणि त्यातल्या कार्बनवरून कळते की झाडे दमट हवेतली होती की कोरड्या हवेत तग धरणारी गवते. सुमारे ४,००० वर्षांपूर्वीपासून १,७०० वर्षांपूर्वीपर्यंत कोरड्या हवेतल्या वनस्पतींचे प्रमाण हळूहळू वाढत गेले आणि नंतर ते तसेच राहिले. म्हणजे जोर्वे संस्कृती आणि सातवाहन, दोघेही या उतरणीवरच जगले. (एक शंका नोंदवतो : ज्वारी-बाजरीही याच गवतांच्या गटात मोडतात. मेणाला रानगवत आणि पीक यांतला फरक कळत नाही.)

दुसरी, गाळाचे कूळ. गोदावरीच्या वरच्या खोऱ्यात साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा बेसॉल्ट आहे, तर खालच्या भागात अब्जावधी वर्षांचे जुने खडक. दोन्हींतल्या निओडिमियम या मूलद्रव्याच्या समस्थानिकांचे प्रमाण वेगळे, त्यामुळे गाळ कुठून आला हे ओळखता येते. गेल्या काही हजार वर्षांत दख्खनचा वाटा वाढलेला दिसतो. पाऊस कमी झाला आणि तरी माती जास्त वाहून गेली. हे प्रथम उलटे वाटते, पण मार्चमधला बोडका डोंगर आणि जूनमधला पहिला वळीव ज्याने पाहिला त्याला वाटणार नाही. पाऊस थोडा झाला तरी तो मोजक्या दिवसांतच कोसळतो. तेव्हा जमिनीवर आच्छादन नसले की ती सुटते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत अस्वस्थ करणारी वाटते. गाळाबरोबर समुद्रात येणाऱ्या वनस्पतिजन्य कार्बनचे वय त्यांनी मोजले. झाड पडले, कुजले आणि लगेच वाहून आले तर कार्बनचे वय त्या थराच्या वयाजवळ असते. पण वरच्या, अलीकडच्या थरांकडे येताना तो कार्बन थरापेक्षा अधिकाधिक जुना होत जातो. याचा अर्थ, वरची ताजी माती आधीच गेली होती आणि आता शतकानुशतके खाली मुरलेली जुनी माती सुटत होती. मुद्दल खर्चायला सुरुवात झाली होती. संशोधकांचा निष्कर्ष असा की आधी पाऊसमान घटल्याने धूप वाढली, आणि नंतर नवाश्मयुगीन शेतीच्या स्वीकाराने व लोहयुगात ती दूरवर पसरल्याने धुपीत आणखी भर पडली.

लोहयुगातला हा विस्तार म्हणजे नांगराचे लोखंडी फाळ, रान तोडणाऱ्या कुऱ्हाडी आणि हळूहळू सातवाहनांच्या राज्याला पोसणारी शेती. ज्या निवर्तनांची दाने आपण लेण्यांत कौतुकाने वाचतो, ती जमीन याच विस्तारातून आलेली. म्हणून कखडीचे पडीक शेत आठवते.

पण सावध राहायला हवे. कखडीची माती धुपली म्हणून गाव उठले, असे हे कोअर म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही. समुद्रातला तो गाळ तीन लाख चौरस किलोमीटरहून मोठ्या खोऱ्याची सरासरी आहे. त्यात वर्धा, वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती सगळ्या मिसळल्या आहेत. एका गावातली सहा वर्षे त्यात दिसणे शक्य नाही. उलट, गढीतला चर काही मीटर रुंद. तो नगराचे सांगतो, शिवाराचे नाही. एक साक्षीदार फार लांबून पाहतो, दुसरा फार जवळून. मधल्या अंतरावरचा, म्हणजे शिवाराच्या पातळीवरचा साक्षीदार हवा : गोदावरी, दारणा, कादवा यांच्या काठच्या गाळाचे, गावतळ्यांच्या तळाचे, पांढरीच्या कडेचे कोअर. जोर्वे संस्कृतीची गावे का उठली, यावर मधुकर ढवळीकरांनी इनामगावच्या आधारे दुष्काळाचे उत्तर दिले. ते भीमेच्या खोऱ्यातले गाव आहे. ते उत्तर गोदेच्या खोऱ्याला लावताना आपण बरेचसे गृहीत धरतो.

साधने नाशकातच आहेत, ही गंमत. दिंडोरी रोडवरची ‘मेरी’, महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५९पासून धरणांसाठी माती तपासत आली आहे आणि जलाशयांत किती गाळ साचला याचा अभ्यासही करते. तो गाळ म्हणजे कालपरवाचा इतिहासच. गंगापूरपासून जायकवाडीपर्यंतच्या धरणांनी नदीचा गाळ वाटेतच अडवल्यावर काय झाले, हे दुसऱ्या टोकाला दिसते : १९७०च्या आणि १९९०च्या दशकांची तुलना केली तर गोदावरीचा समुद्रापर्यंत पोचणारा गाळ निम्म्याहूनही कमी झाला, आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा मागे सरू लागला. चार हजार वर्षे आपली माती घेऊन जो किनारा पुढे सरकत होता, त्याची शिदोरी बंद झाली.

आणि इकडे? बाग लावण्यापूर्वी जेसीबीने जमीन सपाट होते, मुरूम फोडला जातो, धरणातला काढलेला गाळ शिवारात पसरला जातो. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. हलक्या जमिनीवर गाळ टाकणे हे शहाणपणाचेच काम आहे. पण त्या शिवाराचा जुना काप त्या दिवशी संपतो. गढीच्या कडा पावसाळ्यात ढासळतात. तिच्या अंगावर माणसांची घरे आहेत, आणि आधी काळजी त्यांची करायला हवी, खापरांची नंतर. सिंहस्थाच्या निमित्ताने नदीकाठी रस्ते, घाट, पूल यांसाठी खोदकाम होते आहे. प्रत्येक पायाचा खड्डा हा दोन-चार दिवसांपुरता उघडा पडलेला उभा काप असतो. मग त्यावर काँक्रीट पडते.

२४व्या वर्षाच्या लेखातली ती १०० निवर्तने ‘नगराच्या सीमेवर’ होती. सातवाहनांच्या नगराची सीमा आज शहराच्या पोटात आहे. ते बदली दिलेले शेत बहुधा कुणाच्या तरी इमारतीखाली असेल. म्हणून जुन्या नाशकात किंवा गोदाकाठी राहणाऱ्यांना एक विनंती. स्वतः कुठेही खणू नये, गढीवर तर मुळीच नाही. मात्र शेजारी पायाचा खड्डा उघडा दिसला आणि मालकाची परवानगी मिळाली, तर भिंतीचा एक फोटो घ्यावा, शेजारी मोजपट्टी धरून, सकाळच्या तिरप्या उन्हात. जागा, तारीख आणि वरून किती खोलीवर रंग बदलतो ते लिहून ठेवावे. खापर दिसले तर ते उपटू नये, पुरातत्त्व खात्याला कळवावे. आणि कुणा जाणत्याने मातीचे नमुने घ्यायचे ठरवलेच, तर सुरुवात तळाच्या थरापासून करून वर यावे, म्हणजे वरची माती खालच्या नमुन्यावर पडत नाही.